घासणारें चाक

गुडघा वांकेनासा झाला कीं स्वाभिमानाला वांकावें लागतें, हा अनुभव साठी उलटलेल्या पुष्कळ गृहस्थांना येत असेल. आम्हांला तो गेल्या मार्गशीर्षांत आला. गेलीं तीस-पस्तीस वर्षें आम्ही रोज पहांटे नारायण पेठेंतील आमच्या वाड्यांतून निघून तळजाईच्या टेकडीपर्यंत सायकलीनें जात असूं. डॉक्टरांनीं चालावयास सांगितलेले आमचे कांहीं स्नेही वाटेंत भेटत. त्यांना मागें टाकून पुढें जातांना आम्हांला जें समाधान वाटे तें सात्त्विक होतें असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु मार्गशीर्षांतील त्या सकाळीं ऐन चढावर आमच्या उजव्या गुडघ्यानें संप पुकारला, आणि त्याच स्नेह्यांपैकीं एकानें, पायीं चालत, आम्हांला मागें टाकलें.

ही सायकल आमच्या वडिलांची. त्यांना घरांत सर्व जण अप्पा म्हणत. १९५३ सालीं, म्हणजे आमचे वडील बंधु दादा यांच्या जन्माच्या वर्षीं, त्यांनीं ती विकत घेतली. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून पुण्यांत पाणी शिरलें तेव्हां ती चार दिवस अंगणांतील चिखलांत रुतून होती. अप्पांनीं तिचा सांधा न् सांधा सुटा करून रॉकेलानें धुतला आणि पुन्हां जोडला. अप्पा गेल्यावर ती आमच्याकडे आली. दादांनीं तिच्यावर हक्क सांगितला नाहीं. कॉलेजांत असतांना ते स्वतःच्या सायकलीवर पुष्कळ हिंडले, पण अप्पांच्या सायकलीला त्यांनीं कधीं हात लावलेला आम्हांला आठवत नाहीं. त्याचें कारण आम्हीं कधीं विचारलें नव्हतें. एका घरांत राहणारीं माणसें एकमेकांना फारच थोडे प्रश्न विचारतात.

गुडघ्याची वार्ता घरांत पसरतांच चिरंजीवांनीं सायकलीला विजेची मोटार बसविण्याची कल्पना काढली. साधारण २५० वॅटांच्या आंतील आणि ताशीं २५ किलोमीटरांच्या आंत चालणाऱ्या अशा सायकलीस सरकारदरबारीं नोंदणी लागत नाहीं, असेंही त्यांनीं सांगितलें. आमच्या सौभाग्यवतींनीं ‘ह्या वयांत?’ एवढाच प्रश्न केला. तो सायकलीच्या वयाबद्दल होता कीं आमच्या, हें आम्हीं स्पष्ट करून घेतलें नाहीं.

सायकलीला यंत्र जोडण्याची युक्ति कांहीं आजची नव्हे. दुसरें महायुद्ध संपल्यावर जपानांत सोइचिरो होंडा यांनीं सैन्याच्या बिनतारी यंत्रांसाठीं बनविलेलीं लहान इंजिनें मिळवून तीं सायकलींवर बसविलीं. तें साल १९४६. त्याच सुमारास फ्रान्सांत ‘व्हेलोसोलेक्स’ नांवाची सायकल निघाली. तिचें इंजिन पुढच्या चाकावर असे आणि एक खरबरीत रूळ टायरावर दाबून घासला कीं चाक फिरे. आमच्या महाराष्ट्रांत १९७२ सालीं निघालेली, पायटे असलेली ‘लूना’ तर पुष्कळांच्या घरांतील कुटुंबीयच झाली होती. ह्या सर्वांची आठवण सांगून आम्हीं स्वतःचें समाधान केलें. टायर घासणें हाच फ्रान्सच्या सायकलीचा चालण्याचा मार्ग होता, आणि आमच्या सायकलीचा तोच रोग व्हावयाचा होता, हें त्या वेळीं आमच्या ध्यानांत आलें नाहीं.

ही मोटार मागच्या चाकाच्या तुंब्यांतच असते, म्हणजे ज्या मधल्या गोल भागांतून तारा निघतात त्याच्या पोटांत. त्यामुळें मागचें चाक सबंध बदलावें लागतें. जुनें चाक माळ्यावर गेलें व नवें खालीं उतरलें. पण जुन्या, एकाच वेगाच्या सायकलीच्या मागच्या दोन खांचांमध्यें ११० ते १२० मिलिमीटर अंतर असतें, आणि अशा मोटारीला बहुधा १३५ लागतें. तेव्हां चिरंजीव एका अंगाला आणि दादांचे चिरंजीव दुसऱ्या अंगाला अशा दोघांनीं ओढून सांगाड्याच्या नळ्या फांकविल्या आणि चाक बसविलें. दादा माडीच्या सज्जांतून पाहत होते. ते कांहीं बोलले नाहींत.

येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. दादांचें आणि आमचें बोलणें दोन वर्षें जेवढ्यास तेवढें होतें. वाडा पाडून त्या जागीं नवी इमारत उठवावी असें आमचें मत, आणि आहे तो वाडा डागडुजी करून राखावा असें दादांचें. दोन्ही मतें सकारण होतीं, म्हणूनच तंटा मिटत नव्हता. भांडण असें कधीं झालें नाहीं. गणपति एकत्र, दिवाळीचा फराळ एकत्र, अप्पांचें श्राद्ध एकत्र. पण पूर्वीं रात्रीं जेवणानंतर सुपारी कातरीत दोघे बसत असूं, तें बसणें बंद झालें. वहिनी आणि आमची सौ. यांच्यामार्फत निरोप जात-येत. त्या दोघी निरोपांतील धार बोथट करूनच तो पुढें पोंचवीत, हें आम्हांला ठाऊक होतें.

पहिले आठ दिवस सायकल दृष्ट लागावी अशी चालली. तळजाईच्या चढावर आम्हीं त्या स्नेह्यांना पुन्हां मागें टाकलें. नवव्या दिवशीं चढावर ‘खर्र, खर्र’ असा आवाज येऊं लागला. सपाटीवर तो थांबे, म्हणून आम्हींही तो मनावर घेतला नाहीं. पुढें आमची सहा वर्षांची नात, जिला आम्ही मागें बसवून शाळेंत पोंचवीत असूं, ती एके दिवशीं म्हणाली, “आजोबा, आपली सायकल घोरते.” तेव्हां खालीं वांकून पाहिलें. डाव्या बाजूच्या खालच्या नळीवर, जेथें ती चाकाच्या अगदीं जवळून जाते तेथें, रंग उडून लोखंड चकाकत होतें, आणि आजूबाजूला रबराची काळी भुकटी बसली होती.

वाड्यांत रोगी एक आणि वैद्य पंधरा. एकानें सांगितलें, टायर अरुंद घाला. दुसरा म्हणाला, नळीला हातोड्यानें ठोकून आंत दाबा म्हणजे टायरास वाट होईल. तिसऱ्यानें तर टायराच्याच कडा कानशीनें घासण्याचा सल्ला दिला. म्हणजे जें काम नळी करीत होती तें आम्हीं हातानें करावें! चिरंजीवांनीं नट सैल करून, चाक मध्यावर ओढून, पुन्हां आवळलें. आवाज बंद झाला. तिसऱ्या दिवशीं चढावर तो पुन्हां हजर.

तेव्हां कारणाचा शोध सुरू झाला. मोटार चाकाला जितक्या जोरानें पुढें फिरविते तितक्याच जोरानें ती आपल्या आंसाला उलट फिरवूं पाहते. साध्या सायकलीच्या आंसावर असला पीळ पडत नाहीं, म्हणून तेथें दोन नट पुरतात. येथें आंस १२ मिलिमीटर जाडीचा, दोन अंगांनीं घासून १० मिलिमीटर सपाट केलेला असतो, आणि तेवढ्या सपाटीच्या आधारावर तो खांचेंत टिकून राहावा अशी अपेक्षा असते. तो किंचित् हलला कीं नट ढिला होतो. मग चढावर आपण पायटा मारला कीं उजवीकडची साखळी आंसाचें उजवें टोंक खांचेंतून पुढें ओढते. उजवें टोंक पुढें आलें कीं चाक तिरपें होतें आणि त्याची पुढची कड डावीकडे झुकते. आमचा डावा घास आणि तोही चढावरच कां, ह्याचा उलगडा असा झाला.

त्यावर उपाय सोपा होता. लोखंडाची एक जाड पट्टी मिळते. तिच्या एका टोंकाचें भोक आंसाच्या सपाट अंगावर घट्ट बसतें आणि दुसरें टोंक सांगाड्याच्या नळीला पक्कें बांधतात, म्हणजे आंसाला फिरावयाचें म्हटलें तरी फिरतां येत नाहीं. इंग्रजींत तिला टॉर्क आर्म म्हणतात. मोटारीबरोबरच ती बसवावयास हवी होती. ती बसविली आणि साखळी ताणण्याचे दोन्ही स्क्रू सारखे आवळले. चढावरचा आवाज गेला.

पण सर्व आवाज गेला नाहीं. नातीला मागें बसविलें, किंवा वळणावर सायकल कलली, कीं एक बारीक ‘सर्र’ उमटे. आम्ही म्हटलें, एवढें चालावयाचेंच. चिरंजीवांना मात्र चैन पडेना. एका रविवारीं त्यांनीं सायकल अंगणांत उलटी केली, टायर बोटांनीं चांचपीत सबंध फिरविला, आणि ते एकदम थांबले. डाव्या कुशीवर बोटभर जागीं रबर पार झिजून आंतल्या सुताचे धागे बाहेर आले होते. “बाबा,” ते म्हणाले, “हा आठवडाभरांत फुटला असता.” त्यांची मुलगी शेजारींच उभी राहून पायटा फिरवीत होती. तळजाईच्या उतारावरून आम्ही ज्या वेगानें खालीं येत होतों तो आठवून आम्हांला घाम फुटला. ‘एवढें चालावयाचेंच’ हें वाक्य आम्हीं त्यानंतर फार जपून वापरलें आहे.

मग पद्धतशीर तपासणी झाली. ज्यांच्या घरीं अशी सायकल असेल त्यांच्या उपयोगासाठीं ती येथें लिहितों. चाक उचलून फिरवावें. प्रत्येक फेरींत एकदांच घासत असेल तर रिम वांकडी आहे, टायर नीट बसलेला नाहीं किंवा तार तुटली आहे असें समजावें. सबंध फेरीभर घासत असेल तर चाकच मध्यावर नाहीं. आमचें दुसऱ्या प्रकारचें होतें. आतां दोष चाकाचा कीं सांगाड्याचा? मोटारीची वायर सोडवून चाक उलट बाजूनें बसवून पाहावें. घासण्याची बाजू बदलली तर दोष चाकाचा. तीच राहिली तर सांगाड्याचा. आम्हीं चाक उलटें बसविलें. तरी तें डावीकडेच घासलें. शेवटची परीक्षा सुतळीची. एका खांचेला सुतळी बांधून ती पुढें हँडलाच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खांचेंत आणावयाची, आणि बैठकीखालच्या उभ्या नळीपासून दोन्हीकडील अंतर मोजावयाचें. तीं अंतरें सारखीं यावींत. आमच्या सायकलीचें डावीकडील अंतर चार मिलिमीटर जास्त भरलें. म्हणजे सांगाड्याचा मागचा भागच डावीकडे सरकलेला होता.

“फांकवितांना तुम्हीच वांकविला,” असें आम्हीं दोन्ही मुलांना सुनावलें. तीं बिचारीं खालीं मान घालून उभीं राहिलीं. इतक्यांत जिन्यावर काठीचा आवाज झाला आणि दादा खालीं आले.

“त्यांना बोलूं नकोस,” ते म्हणाले. “तो सांगाडा साठ वर्षें वांकडा आहे.”

आम्ही त्यांच्याकडे पाहत राहिलों.

“जुनें चाक काढलेंत तेव्हां डावीकडे एक जादा वायसर निघाला कीं नाहीं? अप्पांनीं घातलेला. मला वाटलें, तुम्हीं तो पाहिला असेल.”

पुतण्या माळ्यावर चढला आणि जुनें चाक घेऊन आला. खरोखरच, डाव्या अंगाला, आंसाच्या नटाच्या आंतल्या बाजूस, एक जाड वायसर होता. झिजून तो रुपयासारखा गुळगुळीत झाला होता. एवढ्या वर्षांत चाक कितीदां तरी काढून घातलें असेल, पण तो सायकलीचाच एक भाग आहे असें आम्ही समजत आलों होतों. नवें चाक आलें आणि त्याच्याबरोबर वायसर माळ्यावर गेला.

मग दादांनीं कट्ट्यावर बसून हकीकत सांगितली. ती १९६४ सालची. दादा अकरा वर्षांचे आणि आम्ही चार वर्षांचे. अप्पा दुपारीं निजले असतां त्यांनीं सायकल काढली, आम्हांला मागें बसविलें, आणि सांगाड्यांतून पाय घालून ते चालवूं लागले. आम्हीं मागच्या चाकांत टांच घातली. त्या टांचेवरचा व्रण अजून आहे. पडल्याचें आम्हांला अंधुकसें आठवतें. पुढचें मात्र आम्हांला ठाऊक नव्हतें. सायकल उजव्या अंगावर पडली आणि तिचा मागचा भाग एका दगडी पायरीवर आपटला.

“अप्पांनीं विचारलें तेव्हां मीं सांगितलें, माझा तोल गेला. वर्षभर सायकलीला हात लावावयाचा नाहीं, अशी शिक्षा झाली.”

आम्हीं विचारलें, “पण टांच मीं घातली, हें तुम्हीं कां सांगितलें नाहीं?”

“सांगून काय होणार होतें? चार वर्षांच्या पोराला कोण बोलणार? मागें बसविलें मींच ना.” थोडें थांबून ते म्हणाले, “वर्ष संपलें तेव्हां अप्पा म्हणाले, आतां चालव. पण मग मलाच वाटेना. आणि सांगाडा वांकला आहे हें त्यांनीं मला कधीं बोलून दाखविलें नाहीं. एके दिवशीं ते वायसर घालतांना मीं पाहिलें, तेव्हां समजलें.”

अंगणांत थोडा वेळ कोणीच बोललें नाहीं. वहिनींनीं सर्वांना चहा आणला. त्यांना ही गोष्ट ठाऊक असावी असें त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलें.

आमच्या गल्लींतील सायकलवाल्यांना बोलावून आणलें. हे गृहस्थ अप्पांपासून आमच्या घरचे. त्यांनीं सुतळी पाहिली, वायसर पाहिला आणि मान हलविली. वायसर आतां घालतां येणार नव्हता. नवा तुंबा आधींच खांचेच्या मानानें रुंद. त्यांत आणखी जाडी घातली तर नळ्या आणखी फांकणार आणि आंसाला नटापुरते आटेही उरणार नाहींत. सांगाडा ओढून सरळ करतां येईल काय, असें आम्हीं विचारलें. “येईल,” ते म्हणाले, “पण जुने सांधे आहेत, कोठें चीर जाईल सांगतां येत नाहीं.”

“ह्या वयांत तिला सरळ करूं नका,” दादा म्हणाले. “वांकडी आहे हें धरून चाक बसवा.”

तेंच झालें. चाकाचा आउट काढतात त्याच रीतीनें, पण सबंध चाकाला एकसारख्या, उजव्या बाजूच्या तारा अर्धा अर्धा आटा आवळावयाच्या आणि डाव्या बाजूच्या तेवढ्याच सैल करावयाच्या. असें करीत करीत रिम उजवीकडे सरकते. दर वेळीं फिरवून पाहावयाचें, मोजावयाचें आणि पुन्हां पाना हातांत घ्यावयाचा. तास-दीड तासांत रिम तीन मिलिमीटर उजवीकडे आली. तुंब्याच्या मानानें पाहिलें तर तें चाक आतां वांकडें आहे, आणि सांगाड्याच्या मानानें पाहिलें तर अगदीं मध्यावर. नवा टायर चढविला आणि फिरविला. दोन्ही अंगांना पांच पांच मिलिमीटर मोकळी जागा, आणि आवाज मुळींच नाहीं.

त्या रात्रीं आम्हांला लौकर झोंप आली नाहीं. एका लहानशा लोखंडी चकतीनें साठ वर्षें एक दोष अंगावर घेतला, आणि तिच्यामुळें सायकल सरळ आहे असें आम्ही मानीत आलों. तिच्या जागीं नवी वस्तु आणतांना तिचें काम काय होतें हें कोणीं विचारलें नाहीं. आमच्या घरांत अप्पा असेपर्यंत दादांची आणि आमची मतें कांहीं आजच्यापेक्षां अधिक जुळत होतीं असें नाहीं. पण एकाचा शब्द दुसऱ्याला लागूं नये एवढी जागा कोणी तरी ठेवीत होतें. पुढें तें काम वहिनींनीं आणि आमच्या सौ.नें उचललें. निरोप पोंचवितांना त्यांची झीज किती झाली असेल, हें आम्हीं कधीं पाहिलें नाहीं. आवाज येत नव्हता एवढ्यावर आम्ही संतुष्ट होतों. वाड्याबद्दल बोलतांना दादा हट्टी आहेत असें आम्ही पुष्कळदां म्हटलें होतें. ज्या मनुष्यानें अकराव्या वर्षीं आमची टांच लपविली, त्याच्या हट्टाच्या मागें दुसरें कांहीं असूं शकेल, असा विचार आमच्या मनांत त्यापूर्वीं आला नव्हता.

वाड्याचा प्रश्न अजून सुटलेला नाहीं. आमचें मत बदललें नाहीं, आणि दादांचेंही नाहीं. परंतु निरोप आतां कोणाच्या मार्फत जात नाहींत. रात्रीं सुपारी कातरीत आम्ही दोघे समोरासमोर वाद घालतों आणि वहिनी खुशाल झोंपीं जातात. वायसर आम्हीं देवघराच्या फडताळांत, अप्पांच्या चष्म्याशेजारीं ठेवला आहे.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही तळजाईस जाण्यासाठीं सायकल बाहेर काढली तों दादा दाराशीं उभे. पायांत बूट होते. “ओंकारेश्वरापर्यंत एक फेरी मारून येतों,” ते म्हणाले. “मोटार बंद ठेव. वर्ष कधींच संपलें आहे.” आम्हीं हँडल त्यांच्या हातीं दिलें. गल्लीच्या वळणापर्यंत ते थोडे डुलत गेले, मग सरळ झाले. आम्ही कान देऊन उभे होतों. चाक कोठेंही घासलें नाहीं.